खिडकी आणि ज्योत
तिळाच्या तेलात जळणाऱ्या वातीचा वास घरभर पसरलाय आणि मला वीसेक वर्षांपूर्वीची खारीगावातली ती संध्याकाळ आठवतेय. बाबा गेले तेव्हा आईनं गावच्या रीतीप्रमाणे, ते झोपायचे त्याच कोपऱ्यात पीठ पसरून त्यावर दिवा ठेवला होता. मी तेव्हा एम.एस्सी.ला होते, प्रोजेक्ट होता गॅमा किरणांच्या स्फोटांवर. खिडकीतून खाडीचा खारट वारा यायचा, ज्योत फडफडायची, आणि आई हाताचा आडोसा करून तिथेच बसून राहायची. तिचं मन दुसरीकडे वळावं म्हणून मी सांगत होते, "अगं, तारा फुटतो नि क्षणात संपतो, पण त्याचा उजेड मागे राहतो. असा एक उजेड रेडिओ दुर्बिणीत आधी नुसता लुकलुकत होता, मग काही आठवड्यांनी स्थिर झाला. बारीक ठिपका लुकलुकतो, मोठा झाला की थांबतो. त्यावरून कळलं, तो जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं पसरतोय." आईनं उठून खिडकी लावली. ज्योत सरळ उभी राहिली. "थांबली बघ," ती म्हणाली, "म्हणजे लांब पोचले असतील तुझे बाबा." आणि पदर तोंडाला लावून ती पहिल्यांदा रडली. लांब नाही गं, उजेड मोठा झाला म्हणून लुकलुकायचा थांबला, हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी दिव्यात तेल घातलं. परवा आई गेली. त्याच कोपऱ्यात आता तिचा दिवा आहे. शास्त्र मला सगळं ठाऊक आहे, तरी खिडकी मी उघडीच ठेवलीय. ज्योत अजून फडफडतेय.