इंडस्ट्रियल एरियातले जर्मन इंजिनियर

पुण्याहून चंदीगडचं विमान सुटेपर्यंत मी तीनदा पिशवी उघडून वह्या तपासल्या. मी जर्मन शिकवते. गेली चार वर्षं जर्मन भाषक देशांतल्या तंत्रविद्यापीठांचा इतिहासही लिहिते आहे. कार्ल्सरूह, व्हिएन्ना, झुरिक, सगळं कागदांवरून झालं. तिथे शिकलेला जुना माणूस मात्र भेटत नव्हता. हवाई दलातल्या नवऱ्याच्या बदलीमुळे चंदीगडला असलेल्या माझ्या मावसबहिणीने, वृंदाने, फोन केला. "इथे एक सरदारजी आहेत. ऐंशी ओलांडलीय. तरुणपणी जर्मनीत शिकलेत. ये लवकर."

विमानतळावर तिची मुलगी मिहिका घ्यायला आली होती. झिरकपूरजवळ गाडी अडकली. चारची वेळ ठरलेली. मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते.

"मावशी, टेन्शन मत लो. यहाँ रोज़ का है," मिहिका म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत येतं.

इंडस्ट्रियल एरियात पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. गिअर बनवणारा छोटा कारखाना, दारावर पाटी: 'गुरदीप सिंग, डिप्लोम-इंजिनियर', म्हणजे जर्मन विद्यापीठाची अभियांत्रिकी पदवी घेतलेला. आत तेलाचा वास. त्यांच्या मुलाने, जसपालने, चहा आणि मठ्ठी (खारी, खुसखुशीत पुरी) पुढे ठेवली.

"ग्रुस गॉट!" गुरदीपसिंग म्हणाले. दक्षिण जर्मनीतला हा नमस्कार पंजाबी ठसक्यात ऐकून मी हरखले आणि बोलतच सुटले. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतली पॉलिटेक्निक विद्यापीठांच्या बरोबरीसाठी कशी झगडली, जुनी विद्यापीठं त्यांना कारागिरांच्या शाळा समजत, डॉक्टरेट देऊ देत नसत. प्रशियाच्या राजाने अखेर तो हक्क दिला, तरी पदवीचं नाव लॅटिन लिपीत न लिहिता जर्मन लिपीतच लिहायचं, अशी अट राहिली.

"एका उपाधीसाठी केवढी भांडणं!" मी हसले. ते हसले नाहीत.

"जसपाल, ज़रा मशीन देख आ."

मुलगा बाहेर गेला. ते हळूच म्हणाले, "बेटा, मेरे पास डिग्री नहीं है. आख़िरी परचा बाक़ी था. पिताजी गुज़र गए, मैं घर आ गया. सोचा था, लौटूँगा. फिर पेंटर ने पूछा, बोर्ड पर क्या लिखूँ? मैंने बोल दिया. जसपाल को भी नहीं पता."

मिहिकाने हातातला मोबाइल खाली ठेवला. माझ्या मनात पहिला विचार आला तो माझ्या पुस्तकातलं त्यांच्यावरचं प्रकरण कोसळल्याचा. लाज वाटली.

"मी तुमचं नाव बदलून लिहीन," मी हिंदीत म्हणाले.

"ना जी. नाम पूरा लिखना. पर जसपाल को पहले मैं बताऊँगा. इतवार तक रुक जाओ."

माझं तिकीट शनिवारचं होतं.

दुसऱ्या दिवशी वृंदाने सुखना तलावावर नेलं. पलीकडे शिवालिकच्या निळसर टेकड्या, पाण्यात बदकं. मी काठाने इतकी भरभर चालत होते, की वृंदा ओरडली, "अगं, शर्यत आहे का?" बापलेकाच्या घरात मी काय सोडून चालले आहे, हेच डोक्यात होतं.

पुण्यात सोमवारी सकाळी धीर करून कारखान्यात फोन लावला. जसपालने उचलला.

"कल बताया पापाजी ने. मैं बहुत लड़ा, मैडम जी. मेरी शादी के कार्ड पर भी वही छपा था." मग पुढे म्हणाला, "फिर मैंने पूछा, वो परचा था किस चीज़ का? बस, काग़ज़ लेकर बैठ गए. चाय ठंडी हो गई, पढ़ाते ही रहे."

पदवी कोणी द्यावी, कोणत्या लिपीत लिहावी, यावर मी चाळीस पानं लिहिली होती. परीक्षेआधी घरी परतलेल्यांवर एक ओळही नव्हती. ते पान आता लिहायला हवं, असं म्हणत मी वही ओढली, आणि लक्षात आलं की तो राहिलेला पेपर कशाचा होता, हे विचारायचं राहूनच गेलं.

मी पुन्हा फोन लावला. या वेळी पापाजींनी उचलला.