काशिनाथ सुताराने नेमावर आणलेली बंदूक

ओवी, तू म्हणालीस कुणाबद्दल तरी सांग, तर मी काशिनाथाबद्दल सांगते. गोड करून लिहू नकोस बाय, सांगते तसंच लिही.

काशिनाथ आमच्या गावचा, खालच्या वाडीतला सुतार. हात असा की त्याने बसवलेलं दार पावसाळ्यातही फुगून अडायचं नाही. इकडे कुवेतात आला नि वफ्राला एका मळ्यावर लागला. पंप, शेडं, गडीमाणसांच्या खोल्या, जे मोडेल ते हा सांधतो. शुक्रवारी भाजीच्या गाडीतून इथे मंगफला उतरायचा नि आपल्याकडे जेवायचा. "काकी, बांगडा आहे ना?" हे दारातूनच. तुझी आई म्हणायची, आधी चपला तरी काढा.

यंदा होळीनंतर आला तो तोंड एवढंसं करून. त्याच्या तेजस्वीचं लग्न ठरलं होतं, वैशाखातलं. एकुलती पोर. आणि इथे कफील, म्हणजे ज्याच्या नावावर ह्याचा व्हिसा तो मळेवाला, होय म्हणाल्याशिवाय विमानात बसता येत नाही. तो म्हणाला, माझी बंदूक आधी सरळ कर, मग जा लग्नाला.

बंदूक कसली, बावीस नंबरची, शेंगदाण्याएवढी गोळी. पहिल्या एक-दोन बरोबर लागत, नळी तापली की नेम उजवीकडे पळे.

"बंदूक बिघडलीय की माणूस?" मी विचारलं.

"माणूस बिघडलेलाच आहे काकी. मला बंदुकीपुरतंच सांगितलंय."

बंदुकीला मी काही नवी नाही. भातात डुकरं शिरली की आमच्याकडे पारध व्हायची, ठासणीच्या बंदुका घेऊन. घरोघर वाटा यायचा, मी स्वतः मसाला वाटून शिजवलाय. पण पिलं घेऊन फिरणाऱ्या मादीवर बार टाकायचा नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला वाटलं, इथेही मळ्यात शिरणारं असेल काही, कोल्हाबिल्हा.

आधी ह्याने सुताराची अक्कल चालवली नि फसला. चौकटीत फळी बसवतात तशी नळी दस्त्याच्या लाकडात घट्ट बसवली, खालून पाचर मारून. गोळ्या आणखीनच कुठच्या कुठे. तापलं की लोखंड वाढतं, त्याला हलायला जागा नको? मग ह्याच्या ध्यानात आलं की ते लाकूड शेडातल्या ओलीने फुगलंय, उन्हाने वाकलंय आणि नळीला एका बाजूने ढोसतंय. कुठे ढोसतंय ते दिसायला हवं. तर हा माझ्याकडे येऊन म्हणतो, "काकी, नचिकेतचं काजळ द्या थोडं. एका लाकडावर खुणा उमटवायच्यात."

तुझ्या भावासाठी घरी धरलेलं काजळ ते. घरात दिवा धुमसला की छतावरचं धुराचं यंत्र बोंबलतं, म्हणून बाल्कनीत बसून धरलं होतं, तुपाच्या दिव्यावर तांब्याची वाटी उपडी घालून. पोराला दृष्ट लागू नये म्हणून. दिली डबी.

तर ते काजळ ह्याने नळीला फासलं. फासायचं, नळी दस्त्यात दाबायची, उचलायची, लाकडावर काळं उमटेल तिथे खरवडायचं. परत फासायचं. शेवटी पाव दिनारची नोट नळी नि लाकडाच्या मधून न अडकता सरकली तेव्हा थांबला. खरवडलेल्या लाकडाला तेल पाजलं, पुढचे-मागचे स्क्रू एकसारखे आवळले, वाळूच्या पोत्यावर टेकवून बार काढले. सगळ्या गोळ्या खजुराच्या बीएवढ्या जागेत. हे सांगताना तोंड असं फुललेलं, जशी पोर शाळेत पहिली आली.

पुढच्या शुक्रवारी पिशवी घेऊन आला. "काकी, वाटा आणलाय."

मी पिशवी सिंकात उपडी केली. ओवी, उंदराची पिल्लं सोलून ठेवावीत तसे ते दिसत होते. लहान लहान पक्षी, मुंडकी उडालेली. एकाची पिसं उपटायची राहिली होती, पिवळीधम्मक. हळद्या. उन्हाळ्याच्या तोंडावर हे कुठून कुठे वाळवंट ओलांडत जातात, दमून त्या मळ्यातल्या झाडांवर बसतात, आणि कफीलाचे पाहुणे खुर्च्या टाकून बसलेले असतात त्यांना टिपायला. खातसुद्धा नाहीत, मोजतात. मी सिंक दोनदा घासलं, तरी त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

"मग, रजा दिली का?" मी विचारलं.

त्याने मान खाली घातली. "म्हणतो, ऐन हंगामात बंदूक कोण सांभाळणार? पुढच्या महिन्यात जा."

"पुढच्या महिन्यात पोर सासरी असेल."

"हो."

"मग मार की ती पाचर परत. बिघडव. कामाचा नाही म्हणून हाकलेल, तर हाकलू दे. लग्नाला तरी पोचशील."

त्याने हातातला घास खाली ठेवला. "काकी, माझ्या हाताने सरळ केलेली वस्तू मी वाकडी नाही करणार."

"आणि तेजस्वी?"

"तिला समजेल."

त्या सिंकातल्या मढ्यांची आली नव्हती एवढी शिसारी मला तेव्हा आली. तुझे पप्पा म्हणाले, आई, तू ह्यात पडू नकोस. नाही पडले. पण वाढताना हात आखडला माझा, खोटं कशाला सांगू.

लग्न त्याने आपल्या हॉलमध्ये बसून पाहिलं, फोनवर. कोरा सदरा घालून आला होता. तिकडे कन्यादान ह्याचा भाऊ करणार होता, हा इकडे हात जोडून बसलेला. अंतरपाट धरला, भटजींनी सूर लावला, आणि ह्याचा स्वतःचा फोन वाजला. कफील. चित्र तुझ्या आईच्या फोनवर होतं, तेव्हा ह्याला काही तोडावं लागलं नाही, फक्त उठावं लागलं. उठला. बाल्कनीत गेला, दार लोटलं.

अक्षता पडल्या, हार झाले. तेजस्वी फोनजवळ आली, डोळे पुसत विचारते, "आजी, बाबा कुठायत?"

बाल्कनीतून ह्याचा आवाज येत होता, मोडक्या अरबीत नि हिंदीत, पीछे वाला स्क्रू, पीछे वाला, जास्ती नहीं, थोडा.

मी फोन घेऊन आतल्या खोलीत गेले. म्हटलं, "रडायला बाहेर गेलाय गो."