तीनदा केलेली कल्हई

माझ्या सासूबाईंची जीभ सगळ्या गल्लीत नावाजलेली. तमिळ मुलखात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या, राजवाड्यामागच्या आम्हा मराठी घरांत कुठे लग्न निघाले की आचाऱ्याचे रसम आधी वाटीतून त्यांच्याकडे यायचे. चिंच नवी की जुनी, हे त्या एका घोटात सांगत. त्याच जिभेने बावीस वर्षे माझी सालपटे काढली, तीही चार माणसांत.

गेल्या पोंगलनंतर, म्हणजे संक्रांतीनंतर, एकदा जेवताना त्यांनी रसमाची वाटी दूर सारली. म्हणाल्या, रसम कळकलंय. आमच्या घरी रसम अजून पितळेच्या पातेल्यातच उकळते. आतली कल्हई गेली की आंबटाला धातूची चव चढते, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मी मुकाट्याने पातेले कल्हईला दिले. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा कल्हई केली. एकदा स्टीलच्या भांड्यात करून पाहावे, हे कुणाच्या डोक्यातही आले नाही. स्टीलमधले रसम म्हणजे हॉटेलातले. मग त्या म्हणू लागल्या, हिचा हातच कळकट. नवरा स्वयंपाकघरात येऊन दुसरी वाटी मागून प्यायचा, पण बाहेर माझ्या बाजूने एक शब्द काढायचा नाही.

याच दिवसांत त्यांच्या तोंडाला घाण येऊ लागली. वाढायला वाकले की बसस्टँडच्या मुतारीजवळून गेल्यासारखे वाटे. त्या मीठ लावून दात घासत, हिरड्यांतून रक्त येई, बेसिन लाल होई. ते मीच धुवायची. खरे सांगते, धुताना मला बरे वाटायचे.

तिसऱ्यांदा पातेले नेले तेव्हा कल्हईवाला चिडला. आतून नख ओढून दाखवत तमिळमध्ये म्हणाला, भांड्यात काही दोष नाही, पिणाऱ्याचे तोंड डॉक्टरला दाखवा. मी ते वाक्य जपून घरी आणले. सांगितले मात्र लगेच नाही. रविवारी ओरत्तनाडूहून त्यांच्या दोघी बहिणी जेवायला आल्या, तोवर थांबले. पानावर बसल्या बसल्या सासूबाईंनी वाटी सारली.

"पातेलं चांगलं आहे, आत्या," मी सासूबाईंना म्हणाले. "तुमचं तोंड नासलंय. शेजारी बसवत नाही कुणाला."

बहिणींनी माना खाली घातल्या. धाकटीने नाकाला पदर लावला होता, तो तिने काढला नाही. डॉक्टरचे नाव मी घेतले नाही. कल्हईवाल्याचे तेवढे अर्धे वाक्य मी गाळले.

त्या दिवसापासून त्या सगळ्यांच्या मागून एकट्या जेवू लागल्या. बोलताना तोंडावर पदर धरीत. रसमाविषयी पुन्हा चकार शब्द काढला नाही. मी जिंकले होते, आणि त्या शांततेत मला झोपही छान लागत होती.

नवरात्राच्या तोंडावर त्यांचे पाय सुजले, पोटात काही ठरेना. नवऱ्याने त्यांना दवाखान्यात नेले, मी बरोबर गेले. दोन्ही मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झाली होती; डायलिसिस लगेच सुरू करायचे होते. डॉक्टरने त्यांची कोरडी, पांढरी जीभ पाहिली. रक्तातली घाण बाहेर पडत नाही, तीच तोंडात उतरते, म्हणाला. धातूची चव, वास, सगळे त्यातलेच. आधी आणले असते तर गोळ्यांवर आणि पथ्यावर काही काळ तरी निभले असते. हे कधीपासून आहे, त्याने त्यांना विचारले.

कित्येक महिन्यांनी त्यांनी माझ्यासमोर तोंडावरचा पदर काढला. डॉक्टर तमिळ होता, तरी त्या मराठीतच बोलल्या, लेकाकडे बघून.

"हिला विचार. हिला आधीच कळलं होतं."

नवऱ्याने माझ्याकडे मान वळवली. डॉक्टर पेन उघडून थांबला होता.

"आठ महिने," मी म्हणाले, आणि त्याने ते लिहून घेतले.