घरटी एक बाई, पाच हंडे

साहेबाने माझ्या हंड्यातलं पाणी आपल्या बुटांवर ओतलं. अर्धा हंडा. वहाळावरून तासभर चढून आणलेलं.

एशियाडच्या सालची गोष्ट. आमच्या देवरूखकडच्या वाडीला नळपाणी योजना मिळाली, आणि योजनेचा इंजिनेर साहेब विहीर आखत होता वर सड्यावर. का, तर जीप तिथवर यायची. सड्यावर नुसता कातळ, पावसाचं पाणी दिवाळीपर्यंत टिकत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. मी म्हटलं, साहेब, खाली वहाळाजवळ खणा, तिथे मे महिन्यातही ओल असते. त्याने चिखलाचे बूट धुतले. म्हणाला,

“नकाशा मुंबईत मंजूर झालाय. तू आपलं पाणी भर.”

सरपंच हसले. मीही हसले. त्या हसण्याची चीड अजून जात नाही.

विहीर झाली, टाकी झाली, नळ बसले. पाणी तेवढं नव्हतं. उद्घाटनाला मंत्र्यांची तारीख मात्र ठरलेली, ऐन मार्चअखेर. मग गावकीचा हुकूम सुटला. घरटी एक बाई, पाच हंडे, टाकी भरायची. वहाळाचं पाणी आम्हीच डोक्यावरून न्यायचं आणि नळातून आलं की टाळ्याही आम्हीच वाजवायच्या. जी येणार नाही तिचं घर वाळीत. सासू म्हणाली, जा गो बाय, पोरांकडे बघ.

गेले. चार हंडे ओतले. पाचव्याशिवाय पाणी पाइपाच्या तोंडाला लागणार नव्हतं. पाचवा घेऊन चढले तर साहेब टाकीपाशी उभा, नवे कोरे बूट घालून. डोकं फिरलं माझं. तिथेच मागे वळले.

“हे पाणी घरी न्या गो,” मी बायांना म्हटलं. “पोरं तहानलीत.”

आधी एक वळली. मग सगळ्याच.

मंत्र्यांनी नळ सोडला. नुसती हवा. साहेबाचं तोंड मी डोळे भरून बघितलं.

अख्ख्या वाडीला वाळीत कसं टाकणार? मला एकटीला टाकलं. साहेबाला बढती मिळाली. कागदावर योजना पूर्ण आहे.

आता म्हणे नवी योजना येतेय. साहेब तोच, खुर्ची मोठी. येऊ दे मेल्याला. त्याला मी वहाळात उतरवणार, भरला हंडा डोक्यावर देणार आणि सड्यावर चढवणार. थेंब सांडला तर पुन्हा खाली. नकाशा त्यानंतर उघडायचा.