शेवंती परीक्षेची तयारी करते

पडदा वर जातो तेव्हा समोर एकच खोली दिसते. भाईंदर पश्चिमेला, जुन्या बाजाराच्या मागच्या गल्लीत, उंच इमारतींच्या मधे दडलेलं बैठं घर. डाव्या विंगेला मोरी, उजव्या विंगेला गॅसची शेगडी, मागच्या भिंतीवर घासून लखलखीत केलेली पितळी भांडी. दारातून आलेलं दुपारचं ऊन बरोबर मध्यावर पडलं आहे. आमच्या वेळी नाटकात असा प्रकाश मिळवायला दिवेवाल्याच्या विनवण्या कराव्या लागत. त्या उजेडात पाटावर शेवंती बसली आहे. पुढ्यात पाण्यानं भरलेला पेला. ती डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून उलगडते, पेल्याभोवती बसवते, ओठ घट्ट मिटते आणि उचलते.

पेला थरथरत तोंडापर्यंत गेला. निम्मं पाणी लुगड्यावर सांडलं, पण गेला.

"बघितलास, ताई?" ती मला म्हणाली. "आता मंगलवारी पास व्हनार मी!"

मी दारातच उभी होते. टाळ्या वाजवायला हात वर आले आणि तसेच राहिले. मंगळवारी सरकारी रुग्णालयात तिची तपासणी होती, दिव्यांग प्रमाणपत्रासाठी. दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय पुष्कळसा सावरला, हात नाही. डॉक्टरांनी चाळीस टक्क्यांच्या वर अपंगत्व लिहिलं, तर महिन्याला थोडी मदत सुरू होणार होती. त्या मदतीवर पलीकडच्या गल्लीतली सुगंधा रोज सकाळी येऊन तिची अंघोळ, स्वयंपाक बघायला तयार होती. नाही लिहिलं, तर लेक हेमाली तिला घोडबंदरला आपल्या सासरी नेणार होती. तसं ठरूनच गेलं होतं. जावई भला माणूस, पण शेवंतीला या खोलीबाहेर मरायचंही नव्हतं.

आणि ही बाई दिवसचे दिवस घरात बसून हात चालवायची तालीम करत होती!

तिची चूक नव्हती. आयुष्यात तिनं परीक्षा दिली ती एकच. मिठागरावर नव्या पोरी कामाला घ्यायच्या, तेव्हा मुकादम मिठानं भरलेली टोपली डोक्यावर चढवायचा आणि अरुंद बांधावरून चालायला लावायचा. डगमगली ती घरी. तिचा बाप नाथा तिथंच फावडं घेऊन उभा होता, पण त्यानं तिच्याकडे बघितलंही नाही, पोरीचं लक्ष जाईल म्हणून. शेवंती मान ताठ ठेवून पलीकडे गेली. तेव्हापासून परीक्षा म्हणजे करून दाखवायचं, हे तिच्या डोक्यात पक्कं.

मी तिच्याजवळ बसले. "शेवंते, तिथं उलटं असतं गं. हात किती चालतो ते नाही, किती चालत नाही ते मोजतात."

"म्हंजे? नापास झाली का पास?"

"तसंच समज."

"जल्ला मेला तो सरकार!" तिनं पेला खाली आपटला. "मंग मी येवरे दिस काय झक मारली?"

समोरच्या दारातून हंसाबेन आल्या. त्यांना गल्लीतलं सगळं ऐकू येतं. "अरे शेवंतीबेन, इसमें क्या है? हाथ ऐसे लटकाने का, मुँह थोडा टेढा करने का. ये ताई तो नाटकवाली है, एक दिन में सिखा देगी."

दोघी माझ्याकडे बघू लागल्या. आता काय सांगू! मोटारीच्या टपावर पेट्या बांधून गावोगाव प्रयोग केले, त्यात आंधळी झाले, वेडी झाले, एकदा तर ऐन वेळी सासराही झाले. लुळा हात बसवून द्यायला मला चहा संपेपर्यंतचा वेळ पुरला असता.

"हंसाबेन," मी म्हटलं, "इसको ॲक्टिंग सिखाने की जरूरत नहीं. ये दो साल से कर रही है."

शेवंती भडकली. "मी कवा नाटक केला?"

"हेमाली येणार असली की हंसाबेनकडून सकाळीच भांडी भरून घेतेस, कांदे चिरून घेतेस. रिक्षात हात पदराखाली. आणि भाकऱ्यांच्या ऑर्डरी बंद केल्यास तेव्हा लोकांना काय सांगितलंस? गुडघे दुखतात!"

नवरा गेल्यावर शेवंतीनं तांदळाच्या भाकऱ्या विकून लेक वाढवली. हळदीचा कार्यक्रम असला की भाईंदरपासून तारोडीपर्यंतची माणसं टोपल्या घेऊन दारात. मी गिरगाव सोडून इथं राहायला आले, तेव्हा या गावात पहिल्यांदा पोट भरलं ते तिच्या भाकरीनं. पैसे देऊ लागले तर म्हणाली, "उद्या पन येशील ना? मंग उद्या दे." उद्याही तेच म्हणाली.

"उद्या सकाळी मी येऊन नुसती बसते," मी म्हटलं. "तू रोजच्यासारखं सगळं कर. मी मदत करणार नाही आणि तू लपवायचं नाही. हीच तयारी."

दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यात बसले. मोठमोठ्या कलावंतांचे प्रयोग विंगेतून बघितलेत मी, पण त्या सकाळसारखं बघणं अवघड कधी गेलं नाही. पोलक्याचे हूक लावता लावता ती घामाघूम झाली. शेवटी पदर ओढून घेतला आणि उघडे हूक झाकले. वेणी तर सोडूनच दिली, केस नुसते गुंडाळले. मग हट्टानं परात पुढे ओढली. आगरी बायका पाण्याचा हात लावून भाकरी दोन्ही तळव्यांवर फिरवत थापतात. पीठ तिनं डाव्या हातानं मळलं होतं, मऊ, सुरेख. गोळा उचलला, डावा तळवा फिरला. उजवा फिरलाच नाही. गोळा परातीत पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. "माझे भाकरीला गाऱ्या घेऊन यायची लोका," ती हळूच म्हणाली.

मी परात माझ्याकडे घेतली आणि तिच्यात जमेल तशी एक भाकरी थापली. शेवंती डोळे पुसता पुसता हसायला लागली. "ही भाकर हाय का गादी?"

ती गादी आम्ही सुक्या जवळ्याच्या चटणीशी खाल्ली.

"हे डॉक्टरांना सांगशील?" मी विचारलं.

"कागदावर लिवला का आयसला जमत न्हाय, तं हेमाली तोच कागद दाखवून माना तिचे घरी नेल."

ही भीती माझ्या ध्यानातच आली नव्हती. "आणि नाही लिहिलं तर?" मी म्हटलं. "मग सुगंधा कशी येणार? तेव्हाही नेईलच की."

ती उठली. उष्टी ताटली मोरीत नेऊन ठेवली, डाव्या हातानं.

मंगळवारी तिनं ठेवणीतलं लुगडं काढलं. हूक मी लावले, वेणी मी घातली, तिनं लावू दिले, घालू दिली. रुग्णालयात रांग मोठी होती. नंबर आला तसे आम्ही आत गेलो. डॉक्टर तरुण होते, दमलेले, पण आवाज मऊ.

"कसं वाटतंय, मावशी?"

"बरा हाय," शेवंती म्हणाली.

"हात वर करा बघू."

आणि तिनं केला! दात आवळून, खांद्यातून हिसका देऊन, जवळजवळ कानापर्यंत. डोक्यावर जणू टोपली होती आणि खाली बांध.

"अरे वा! छान सुधारणा आहे," डॉक्टर म्हणाले आणि लिहायला वळले.

रंगमंचावर समोरच्याचं वाक्य अडलं की आपण पुढचं पुरवायचं, ही आमची सवय. वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. प्रवेश तिचा होता.

शेवंतीचा हात खाली मांडीवर पडला. तिनं त्याच्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे.

"डॉक्टर, नका लिवू. तो वर जातो, पन वर जाऊन काय करतो? ही वेनी माझी न्हाय, ताईनी घातली. हूक तिनी लावला. भाकर थापाला गेली तं पीठ खाली परतं. मांडीवर दुसऱ्या कोनाचा तरी हात ठेवल्यासारका वाटतो माना. माझे घरान ऱ्हावाचा हाय माना. कोनी सकालची येऊन हात लावला, तं ऱ्हाईन मी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. खुर्ची पुढे ओढली, आपली दोन बोटं तिच्या मुठीत देऊन "दाबा" म्हणाले, मनगट फिरवून बघितलं, टेबलावरची टाचणी उचलायला सांगितली; हे पुष्कळ वेळ चाललं. मग म्हणाले, "चाळीसच्या बरंच वर जाईल, मावशी. प्रमाणपत्र मिळेल."

बाहेर आल्यावर शेवंतीनं स्वतःच हेमालीला फोन लावायला सांगितलं आणि सगळं खरं सांगितलं, हुकांपासून भाकरीपर्यंत. पलीकडे लेक रडली, रागावली, आणि सरतेशेवटी सुगंधाचा नंबर मागून घेतला.

रिक्षातून उतरून आम्ही गल्लीत शिरलो. दाराशी आल्यावर शेवंतीनं कमरेची किल्ली काढली, थोडा वेळ तळहातावर धरली आणि माझ्यापुढे केली.

"कुलूप तू उघर गो, ताई. माना न्हाय जमत. आनि जरा जोर लाव, नाटकातला जोर नको."