वाळवीची खोली, गांडुळाची खोली

जुन्या फर्निचरच्या त्या दुकानदाराला अख्खा बाजार टेकू म्हणायचा. डगमगणारं टेबल दिसलं की हा खिशातून पुठ्ठ्याची घडी काढून पायाखाली सरकवणार, मग टेबल स्वतःचं असो, हॉटेलातलं असो की बँकेच्या मॅनेजरचं. एकदा दात काढायला गेला तर उघड्या तोंडाने डॉक्टरला खुणा करत होता, की साहेब, तुमचं स्टूल मागच्या डाव्या पायावर बसलंय. डॉक्टरला वाटलं, दुखतंय. त्याने आणखी एक इंजेक्शन दिलं.

टेकूच्या धंद्याची एक रीत होती. गिऱ्हाइकाने "आमच्या खोलीत मावेल का हो?" असं विचारलं की तो पट्टी काढायचा नाही. आकड्यांवर त्याचा विश्वासच नव्हता. आकडा ऐकून माणूस मान डोलावतो आणि घरी पलंग दारात अडकतो, असं त्याचं म्हणणं. तो खडू घ्यायचा आणि गिऱ्हाइकाची खोली दुकानाच्या फरशीवर आखायचा. दार कुठे, खिडकी कुठे, सासूबाई कुठे बसतात, सगळं विचारून. मग आत सामान मांडून गिऱ्हाइकाला फिरायला लावायचा. "चाला. आता पाणी प्यायला उठलात असं समजा, आणि दिवे गेलेत." भलीभली माणसं भर दुपारी डोळे मिटून, हात पुढे करून, नसलेल्या स्वयंपाकघराकडे चालत जायची. टेकू विकायचा मोह झाला तरी खडूची रेघ इंचभर सरकवायचा नाही. खडूशी खोटं बोललं तर दुकान बसलंच म्हणायचं.

तर अशा माणसाच्या लेकीला एकाच आठवड्यात दोन विद्यापीठांतून पीएचडीचं बोलावणं आलं.

लेकीने जेवताना दोन्ही समजावून सांगितली; ऑगस्टमध्ये निघायचं हे दोन्हीकडे सारखंच होतं. "मोठ्या शहरात विद्यावेतन जास्त आहे बाबा. फी माफ. पण राहायचं आपलं आपण बघायचं, विम्याचे पैसे त्यातूनच कापणार, पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवावं लागणार, आणि विद्यावेतन वर्षातले नऊच महिने."

"आणि उरलेले तीन?"

"उन्हाळ्यात स्वतः काहीतरी शोधायचं."

"म्हणजे उन्हाळ्यात तू शिकत नाहीस?"

"शिकते, पण जेवत नाही," आईने खुलासा केला.

"दुसऱ्या ठिकाणी विद्यावेतन कमी," लेक पुढे म्हणाली, "पण वसतिगृहाची खोली फुकट, औषधपाणी त्यांचं, शिकवणं नाही, पैसे बाराही महिने."

"मग यात विचार कसला करायचा?"

"तिथे गांडुळांवर काम आहे. मला वाळवीवर करायचंय."

टेकूने घास खाली ठेवला. त्या घरात वाळवी हा शब्द जेवताना काढत नसत. पूर्वी एकदा गोदामातली जेवणाची टेबलं वाळवीने फस्त केली होती. वरून आरशासारखी, आतून बिस्किटाचा चुरा. टेकूने पुसायला हात ठेवला तो कोपरापर्यंत आत गेला. तो तिथेच डोकं धरून बसला, आणि शेजारी त्याची लहानगी लेक गाल जमिनीला टेकवून, वाळवीने मातीचा बोगदा कसा बांधलाय ते बघत हसत होती. ते हसू टेकू विसरला नव्हता.

"गांडूळ बिचारं गरीब," तो म्हणाला. "त्याने कधी कुणाचं कपाट खाल्लंय?"

"मोठ्या शहरातल्या मॅडम वाळवीचं बोलणं ऐकतात बाबा. धोका दिसला की वाळवी डोकं आपटून बाकीच्यांना निरोप देते."

"मॅडम ऐकतायत ना? मग तुझी काय गरज?"

लेकीचा मामा विमा एजंट होता आणि कुठल्याही जेवणाला हजर असायचा. तो म्हणाला, "भावोजी, गैरसमज नको. आपण एक सर्वसमावेशक तुलना करू. एक तक्ता काढू, दोन रकाने."

"तक्ता नको," टेकू म्हणाला. "खडू काढतो."

उत्तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं. ठरलं असं, की गुरुवारी लेकीने दुकानात आखलेल्या गांडुळांच्या खोलीत राहायचं, शुक्रवारी वाळवीच्या. ज्या खोलीत निभेल तिथे जायचं. कोणती खोली जिंकावी हे टेकूच्या मनात ठरलेलं होतं, पण खडू मात्र त्याने प्रामाणिक ठेवला.

गुरुवारची खोली ऐसपैस निघाली. पलंग, टेबल, हातांची खुर्ची, शिवाय पाहुण्यासाठी एक वेताचा मोडा. लेक गांडुळांचं पुस्तक घेऊन बसली. तिने टेबल भिंतीला लावलं, मग खिडकीला लावलं, मग परत भिंतीला. खुर्चीच्या हातांना पॉलिश केलं. पुस्तक तोंडावर घेऊन झोपली. जाग आली तर समोर एक बाई तिच्या उशीची किंमत विचारत होती, तेव्हा तिने तो मोडा बाईंच्या गळ्यात मारला, वर दोन खुर्च्याही.

"कशी आहे खोली?" टेकूने विचारलं.

"छान आहे," लेक म्हणाली. लोक दुसऱ्याच्या बाळाला म्हणतात तसं.

शुक्रवारी मामाने मोठ्या शहरातली भाडी फोनवर बघून सांगितली आणि टेकूने विद्यावेतनात परवडेल तेवढी खोली आखायला घेतली. पहिली रेघ बरी होती. मग तो म्हणाला, "विमा," आणि चपलेने भिंत पुसून आत घेतली.

मामा दुखावला. "भावोजी, विम्याला भिंत? विमा काढल्यावर माणसाला उलट मोकळं वाटायला हवं."

"बसचं भाडं," टेकू म्हणाला. खुर्ची बाहेर गेली. "थंडीचे कपडे." टेबल गेलं. लेक पलंगावर मांडी घालून बसली होती. तिच्याभोवती वाळवीवरचे कागद पसरले होते आणि बापाची भिंत जवळ येत होती, पण तिने मान वर केली नाही.

शिकवण्याची बाजू आईकडे होती. ती भाजी निवडता निवडता मधूनच विद्यार्थी होऊन रेघेपाशी यायची. "मॅडम, हे परीक्षेला येणार का?"

"नाही."

"मग सांगता कशाला?" थोड्या वेळाने परत. "मॅडम, आजी वारली म्हणून निबंध झाला नाही."

"मागच्या वेळीही वारली होती."

"ती दुसरी, मॅडम. ही जास्त जवळची होती." आईला इतकी मजा येत होती की तिने भाजी निवडायचीच सोडली.

दुपारी टेकूने घड्याळाकडे बघितलं. "उन्हाळा. बाहेर." तीन महिने विद्यावेतन नाही म्हणजे तीन महिने खोलीही नाही, हिशेब सरळ होता. लेक कागद उचलून फुटपाथवर स्टुलावर जाऊन बसली. एकाने स्टुलाचा भाव विचारला, तिने ते विकून टाकलं आणि पायरीवर बसून पुढचं पान उलटलं.

उन्हाळा संपवून ती आत आली तोवर टेकूला आणखी खर्च आठवले होते. चष्मा, दात, घरी यायचं तिकीट. पलंग गेला. खडूच्या चौकोनात आता फक्त एक दुदारी कपाट मावत होतं, म्हणून टेकूने तेच उभं केलं. "आता झोप बघू," तो म्हणाला.

लेकीने कपाट उघडलं, टॉर्च घेतली, आत बसली आणि दार ओढून घेतलं.

टेकू चहा पिऊन आला. कपाट गप्प. त्याने उगाच दोन खुर्च्या आपटल्या. कपाट गप्प.

"भावोजी, ती गुदमरली तर?" मामा कुजबुजला. "पॉलिसीत कपाट येत नाही हं."

तेवढ्यात एक गृहस्थ आले आणि सरळ त्या कपाटाकडेच गेले. त्यांनी दार उघडलं. आत एक मुलगी टॉर्च दातांत धरून काहीतरी लिहीत होती. तिने टॉर्च काढली. "दार लावता का जरा? उजेड येतोय." गृहस्थांनी झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावं तसं दार लावलं आणि टेकूकडे आले.

"त्यात कोणीतरी आहे."

"आहे."

"कपाटाबरोबर येते का?"

टेकू कपाटाकडे वळला. त्याने जाऊन दार उघडलं. "चल, ये बाहेर. पाहिलीस ना अडचण?"

"कसली?" लेक म्हणाली. ती नाटक करत नव्हती. पोरीने इकडे तिकडे बघितलं आणि विचारलं, "पलंग विकला का?"

टेकू कपाटासमोर उकिडवा बसला. गिऱ्हाइकं खोलीत कशी वागतात हे त्याने जन्मभर पाहिलं होतं. माणूस जागेबद्दल तक्रार करतो, हवेबद्दल करतो, खिडकी कुणीकडे म्हणून करतो. ज्याला खोली दिसतच नाही असं गिऱ्हाईक त्याला आजवर भेटलं नव्हतं. आणि कालच्या ऐसपैस खोलीत हीच पोरगी टेबल फिरवत बसली होती.

"त्या मॅडमना," तो म्हणाला, "लाकूड आतून जायला लागलंय, हे वरून ऐकू येतं?"

"अजून नाही. तेच तर शोधायचंय."

"आणि मला ते हात आत गेल्यावर कळलं." त्याने मागे वळून आईकडे बघितलं. आईने नुसती होकाराची मान हलवली, आणि ती मान मॅडमच्या विद्यार्थ्याची नव्हती.

"पाठव उत्तर," टेकू म्हणाला. "उशीर करू नकोस, संध्याकाळ व्हायला आली."

"कुठलं पाठवू?"

"आता तेही मीच सांगू? डोकं आपटणाऱ्यांकडे जा."

लेकीने आतूनच फोन काढला. मामाने एकदा घसा साफ केला. "भावोजी, सर्वसमावेशक बोलायचं तर उन्हाळ्याचे तीन महिने अजून उघडे आहेत."

टेकू गुडघे धरून उठला आणि गृहस्थांकडे वळला. त्याने त्यांना कपाटाचा भाव सांगितला.

"अहो, कालच तर निम्म्यात देत होतात," गृहस्थ म्हणाले.

"काल त्यात कोणी राहत नव्हतं."

गृहस्थ घुटमळले. त्यांनी कपाटाभोवती एक फेरी मारली, बाजूच्या फळीवर हात फिरवला आणि आवाज खाली आणून विचारलं, "बरं, मग रिकामं कधी मिळेल?"

"ऑगस्टमध्ये," कपाटातून उत्तर आलं.