काळ्या पडद्याला दार बसवणाऱ्या सुनंदाताई

सुनंदाताईंना मी प्रथम पाहिले ते बारामतीतल्या आमच्या वाचनालयात. कन्हेरीहून एसटीने आलेल्या ताई संगणकाच्या काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटवत होत्या. मला वाटले, शाळेतल्या पाटीवर कोणी कविताच लिहीत आहे!

त्या संगणकाला द्यायच्या आज्ञा होत्या. पण त्यांच्यामागे कविताच होत्या बरं का. आम्हा म्हाताऱ्यांनी शाळेत पाठ केलेल्या कविता ताईंनी आमच्याच आवाजात त्या लिनक्सच्या संगणकात साठवल्या होत्या. अडचण एवढीच, की ऐकायच्या तर आज्ञा टाइप करायला ताईच हव्यात. इंदापूरचे आबा आपल्या दिवंगत पत्नीचा आवाज ऐकायला यायचे आणि ताई नसल्या की तसेच परतायचे.

ताई नसतानाही कविता ऐकता याव्यात म्हणून बोलावलेला दुरुस्तीवाला म्हणाला, "सगळं पुसून नवीन टाकू."

"पुसायचं कशाला?" ताई म्हणाल्या. "घर चांगलं आहे, फक्त दार बसवू."

आहे त्याच लिनक्सवर चित्रांचा डेस्कटॉप चढू लागला. तेवढ्यात वाचनालयाची वेळ संपली. बंद करताना मेन स्विच पाडायचा, ही ग्रंथपाल तात्यांची जुनी शिस्त. त्यांनी तो पाडला!

"तात्या, काय केलंत हो!"

"काय म्हंजे? टाईम झाला न्हाय का?"

आबांचा चेहरा उतरला. "ताई, कारभारीण गेली का वं परत?"

संगणकाकडे वळण्याआधी ताईंनी पर्समधून पेन ड्राइव्ह काढून त्यांच्या हातात ठेवला. "आबा, आधीच प्रत काढलीय. कारभारीण तुमच्या मुठीत हाय."

"जल्मात पयल्यांदाच घावली!" तात्या म्हणाले. आबाही हसले.

मग तात्यांनी स्विच पुन्हा वर केला आणि ताईंनी अर्धवट राहिलेले काम पुरे करून घेतले. तरी पडदा काळाच! "डेस्कटॉप आलाय. सुरू होताना तोच उघड, हे संगणकाला सांगायचं राहिलंय," म्हणत त्यांनी आणखी एक ओळ लिहिली. पडदा निळा झाला आणि त्यावर कवितांची छोटी छोटी चित्रे उमलली. आबांनी स्वतःच्या बोटाने माउस दाबून आंब्याचे चित्र निवडले. आवाज आला, दुसऱ्या कडव्याला अडला आणि खुदकन हसला.

"हितंच आडायची ती," आबा म्हणाले, डोळे पुसत.

त्या चित्रांत ताईंची कविता मात्र अजून नाही. विचारले की म्हणतात, "पाठ व्हायचीय."

ताई, आज आपण साठी पूर्ण करत आहात. आम्हाला मुळीच घाई नाही. निरोगी राहा, शंभरीपर्यंत खुशाल पाठांतर करा. मेन स्विचपाशी आबा राखणीला बसले आहेत.